"ताई, पैसे जास्त झालेत का?" : सडेतोड पुणेकर यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सडेतोड पुणेकर, नमस्कार. खरं तर खालीच दोन ओळी लिहून सोडून देणार होते, पण लिहिता लिहिता वाढत गेलं म्हणून वेगळंच टाकतेय. ज्यांनी मूळ प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी: वजन उतरवायचं इंजेक्शन चालू असताना मी डाएटिशियनकडे का जाते यावर मागे लिहिलं होतं, त्यावर हे म्हणतात, "ताई, पैसे जास्त झालेत का? इंजेक्शनने भूकच मरते, मग काय खायचं ते सांगायला माणूस कशाला लागतो? चोचले नुसते. आमची आजी वरणभातावर नव्वद वर्षं जगली." त्यापुढे या औषधाच्या ट्रायलमध्ये, म्हणजे माणसांवरच्या चाचणीत, नुसत्या डाएटच्या सल्ल्याने जेमतेम वजन उतरलं, औषध सोडलं की परत चढतं, आणि मी खर्चाचा आकडा लपवला, असंही आहे.

आधी त्या "ताई"बद्दल. ताई म्हणायचं आणि पुढच्याच शब्दाला तिच्या पर्समध्ये डोकवायचं, ही कुठली रीत? पटलं नाही तर पटलं नाही म्हणा की, मी काही कुणाला अंगठा मारून द्या म्हटलं नव्हतं. माझ्याकडे पैसे जास्त आहेत की कमी हे तुम्हाला दोन पोस्ट वाचून कळलं असेल तर कमाल आहे, मी नोकरी करते, घराचा हप्ता चालू आहे, आणि इंजेक्शनचे पैसे कुठल्या खर्चातून काढलेत ते माझं मला माहितीये.

आणि चोचले. शुगरवाल्या माणसाला डॉक्टरने डाएटिशियनकडे पाठवलं तर बायको रजा काढून बरोबर जाते, वहीत लिहून घेते, आल्यावर घरातला साखरेचा डबा वरच्या फळीवर जातो. तेच वजनासाठी बाई गेली की चोचले. मी आठवीपासून जाड आहे हो. शाळेचा युनिफॉर्म दुकानातला बसायचा नाही, शिवून घ्यावा लागायचा. लिंबू-मध-गरम पाणी झालं, सूप डाएट झालं, दीक्षित की दिवेकर हा वाद घराघरात पेटला तेव्हा मी दोन्हीकडून लढलेय, आधी दीक्षितांची दिवसाला दोनच जेवणं, प्रत्येक ५५ मिनिटांच्या आत, आणि मग दिवेकरांचं दर दोन तासांनी थोडंथोडं (दोघांनाही दोष देत नाहीये, ओळखीत कित्येकांना फायदा झालाय, माझंच टिकलं नाही). त्यामुळे खाण्यावर आयुष्यभर डोकं फोडलेल्या बाईला "काय खायचं ते सांगायला माणूस कशाला" हे विचारताना जरा दमानं घ्यायला हवं होतं.

आता तुमचं ते वाक्य. इंजेक्शनने भूक मरते, बरोबर. अगदी बरोबर. पण म्हणूनच तर माणूस लागतो! भूक होती तेव्हा ताटभर जेवायचे, त्यात कुठूनतरी सगळं थोडंफार पोटात जायचंच. इंजेक्शन सुरू झाल्यावर माझं काय झालं सांगते. सकाळी चहा आणि दोन खारी, दुपारचा डबा तसाच परत, रात्री चार घास वरणभात कारण तेवढंच मऊ जायचं. काटा खाली येत होता आणि ऑफिसात सगळे कौतुक करत होते. मग केस मुठीने यायला लागले, पोट साफ होईना, जिना चढताना मांड्या लटपटायला लागल्या. डॉक्टरांनी डोसबद्दल बोलायच्या आधी विचारलं काय खाता, मी खारी म्हटल्यावर त्यांनी चिठ्ठीच लिहून दिली डाएटिशियनची.

तिने साधा हिशोब मांडला. आयसीएमआर-एनआयएन या सरकारी पोषण संस्थेचं प्रोटीनचं प्रमाण वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला ५८ ग्रॅम, आणि वजन उतरताना बरेच डॉक्टर याहून जास्तच सांगतात. ३० ग्रॅम तूरडाळीत साधारण साडेसहा ग्रॅम प्रोटीन, आणि आपलं वरण किती पातळ असतं ते तुम्हाला आजीने दाखवलंच असेल. अंड्यात सहा. आता बसवा चार घासात! तुमच्या आजीला इंजेक्शन नव्हतं, तिला भूक लागायची, बहुतेक भाकरी-उसळ-ताकही असणार ज्याचा तुम्ही उल्लेख केला नाहीत. प्रोटीन कमी पडलं आणि व्यायाम नसला की चरबीबरोबर स्नायूही जास्त जातात. सेमाग्लुटाइड हे असंच वजनाचं इंजेक्शन, त्याच्या स्टेप-१ नावाच्या ट्रायलमध्ये ज्यांचं स्कॅन केलं होतं त्यांच्या उतरलेल्या वजनात जवळपास ४० टक्के वाटा चरबी सोडून बाकी गोष्टींचा होता, मांड्या उगाच लटपटत नाहीत.

मग तिने काय सांगितलं? ताटात आधी उसळ, पनीर नाहीतर अंडं संपवायचं, भाकरी नंतर, पोट भरलं तर भाकरी राहू दे. जेवताना घटाघट ताक-पाणी नको, मधल्या वेळात घोट घोट. पोट उशिरा रिकामं होतं या औषधाने, त्यामुळे संध्याकाळचा वडा रात्रभर करपट ढेकरा देतो, हे मी एकदा करून पाहिलंय आणि परत करणार नाही. रबर बँडचा व्यायाम. एकादशी सोड म्हणाली नाही, फक्त साबुदाण्यात प्रोटीन नावालाही नसतं म्हणून त्याऐवजी राजगिरा, दाणे आणि दही. हे सगळं मला इंटरनेटवर मिळालं नसतं का? मिळालं असतं. पण दर खेपेला माझी वही बघून "हे का नाही खाल्लंस" असं विचारणारं कोणी इंटरनेटवर नसतं.

ट्रायलचं थोडक्यात. तुम्ही म्हणताय तो आकडा खरा आहे, २०२१ ची ती वरचीच स्टेप-१ ट्रायल, ६८ आठवडे, औषधवाल्यांचं सरासरी १४.९ टक्के उतरलं आणि नुसता सल्ला घेणाऱ्यांचं २.४. पण औषधवाल्यांनाही तोच खाण्याचा आणि व्यायामाचा सल्ला दर चार आठवड्यांनी मिळत होता, ते सोयीने गाळलंत. नुसतं इंजेक्शन आणि सल्ला अजिबात नाही असा गटच त्यात नव्हता, मग डाएटिशियन निरुपयोगी हे त्यातून कसं काढलंत?

औषध सोडलं की परत चढतं: हो, चढतं, त्याच ट्रायलमधल्यांचं औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश परत आलं. तो त्या पोस्टचा विषय नव्हता, पुढे.

खर्च लिहायला हवा होता, एवढं मात्र तुमचं मान्य. घ्या: माउंजारो (वजनाचंच दुसरं इंजेक्शन) मार्च २०२५ मध्ये इथे आलं तेव्हा २.५ मिलिग्रॅमची व्हायल ३,५०० रुपयांना होती, आठवड्याला एक, ५ मिलिग्रॅमची ४,३७५. महिन्याचं तुम्हीच गुणून बघा, डाएटिशियनची फी त्यापुढे किरकोळच. "लपवला" म्हणायला मात्र काही आधार नव्हता.

खरं म्हणजे बोट ठेवायचंच होतं तर ते दुसरीकडे ठेवता आलं असतं. चार आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स करून डाएटिशियनची पाटी लावणारे आणि पहिल्याच भेटीत स्वतःचीच प्रोटीन पावडर गळ्यात मारणारे गल्लोगल्ली आहेत, डाएटिशियनसारख्या व्यवसायांसाठी २०२१ चा अलाइड हेल्थकेअरचा कायदा आला तरी पाटी वाचून आपल्याला काही कळत नाही. त्यावर तुम्ही लिहिलं असतंत तर मी मान डोलावली असती. पण तुम्हाला माझ्या पैशांची काळजी.

बाकी ज्यांनी मळमळीबद्दल विचारलंय त्यांनी थांबू नका, उलट्या होत असतील किंवा पोटात कळा येत असतील तर आधी डॉक्टरांना फोन करा, डोस स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नका. एकादशीच्या ताटाचे फोटो मागणाऱ्यांना रविवारी टाकते.