साडेबारा हजार किलोमीटर आणि वरचे साडेतीनशे

गावी गेलो की म्हाताऱ्या आत्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "कितला येळ लागस रे भो?" मी सांगतो, मुंबईहून अमेरिकेत नेवार्कला पंधरा-सोळा तास. हे उत्तर अर्धंच आहे, हे मला फेब्रुवारीत परतताना नीट कळलं.

विमान रात्री दीडचं. अमळनेरजवळचं आमचं घर सोडलं सकाळी नऊला. आईने पत्र्याच्या डब्यात बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, भरून दिल्या होत्या, झाकणावरून सुतळी बांधलेली. वडील फाट्यापर्यंत आले. चौऱ्याहत्तरीच्या माणसाला मुंबईपर्यंत नेऊन परत आठ तासांच्या रस्त्याला कसं लावणार? कसारा घाटात गाडी अडकली, दोन तास. घरापासून उड्डाणापर्यंत साडेसोळा तास गेले. पुढचं अंतर साडेबारा हजार किलोमीटर. मागचं जेमतेम साडेतीनशे.

विमानाचा वेळ कमी करणं आपल्या हाती नाही. ताशी नऊशेच्या आसपास वेग, आणि पश्चिमेकडे जाताना उंचावरचे जोराचे वारे समोरून येतात, म्हणून जाताना तास-दीड तास जास्त लागतो, येताना तेच वारे ढकलतात. पृथ्वी गोल म्हणून जवळची वाट उत्तरेला वाकते, हेही खरं. पण ते साडेतीनशे किलोमीटर तर आपलेच आहेत ना?

आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यावरून दोन तट आहेत. एक म्हणतो, जळगावचं विमानतळ मोठं करा, धुळ्यालाही विमान आणा. दुसरा म्हणतो, विमान शेठ लोकांसाठी, आम्हाला मुंबईची रोजची, वेळेवरची रेल्वेगाडी द्या. मी दुसऱ्यांच्या बाजूचा आहे. जळगावचं विमानतळ 2012 मध्ये सुरू झालं, छोट्या शहरांना विमानाने जोडणाऱ्या सरकारी उडान योजनेतली मुंबईची सेवा 2017 च्या डिसेंबरात, आणि नंतर ती कधी चालू, कधी बंद. उद्या असेल की नाही याची खात्री नसलेल्या विमानावर बारा दिवसांची रजा बेतता येत नाही. अमळनेरहून खान्देश एक्सप्रेस आहे, पण ती सुरतेवरून फिरून जाते आणि रोज नसते.

इथे नेवार्कजवळच्या एडिसनला मी लोकलमध्ये बसतो आणि अर्ध्या तासात विमानतळाच्या स्टेशनावर उतरतो. ते स्टेशन 2001 पासून आहे. अमेरिकेतल्या बहुतेक गावांना हे सुख नाही, तिथे गाडी चालवल्याशिवाय विमानतळ दिसत नाही, त्यामुळे इथलं सगळं चांगलं असं मी म्हणणार नाही. पण ही एक गोष्ट मला आपल्याकडे हवी आहे: रूळ आणि विमान एकमेकांना भेटावेत. परदेशी विमानं मुंबईतून बरीचशी रात्री सुटतात. दुपारी अमळनेर किंवा चाळीसगाव सोडून संध्याकाळी विमानतळाजवळ पोचवणारी एक पक्की गाडी हवी. शिकायला निघालेल्या पोरांना, आखातात कामाला जाणाऱ्यांना, मुंबईच्या दवाखान्यात जाणाऱ्यांना, सगळ्यांना ती लागते.

डबा उघडला तेव्हा वरच्या सहा-सात बिबड्यांचा चुरा झाला होता. तो आम्ही आमटीत घालून खाल्ला.

दिवाळीला जातोय. वडिलांनी आत्ताच विचारलंय, मुंबईला गाडी किती वाजता पाठवू.