‘कादिझला अर्धा दिवस पुरे’? कुणी सांगितलं?

स्पेनची सहल आखणाऱ्या मराठी ग्रुपांत एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. कुणी विचारलं की सेव्हिलहून कादिझला जाऊ का, की तोच चिकटवला जातो. गोषवारा असा: हे म्हणे युरोपातलं सर्वांत जुनं शहर, पण तिथे तीन हजार वर्षांपूर्वीचं काहीच दिसत नाही. कॅथेड्रलचा सोनेरी घुमट म्हणजे नुसत्या पिवळ्या फरश्या. किनारा टीचभर. जायचंच तर कार्निव्हलला जा, रिओसारखी धमाल असते. समुद्राकाठी भारतातून नेलेले दोन वड आहेत, तिथे फोटो काढा. शाकाहारी असाल तर डबा न्या. एकूण काय, अर्धा दिवस पुरे.

यातल्या काही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्यांच्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

‘युरोपातलं सर्वांत जुनं’ हा दावा मीही मान्य करत नाही. ग्रीसमधल्या अथेन्स, आर्गोस यांच्यापुढे कादिझ धाकटंच. जपून बोलणारे लोक ‘पश्चिम युरोपातलं सतत वस्ती असलेलं सर्वांत जुनं शहर’ म्हणतात, आणि ते पुष्कळ अंशी टिकतं. आजच्या लेबनॉनमधल्या टायर शहराच्या फिनिशियन व्यापाऱ्यांनी इथे ‘गादिर’ वसवलं. इसवी सनापूर्वी 1104 हे साल सगळीकडे छापलेलं असतं. ते ट्रॉयच्या युद्धानंतर सुमारे 80 वर्षांनी, या एका रोमन लेखकाच्या हिशेबावरून आलेलं आहे. जमिनीत मिळालेला पुरावा इसवी सनापूर्वीच्या 9 व्या शतकापर्यंत जातो. म्हणजे ‘तीन हजार’ ही आकड्याची गोळाबेरीज आहे. तक्रारच करायची तर या गोळाबेरजेबद्दल करा.

आता मुख्य आरोप: ‘जुनं काही दिसत नाही.’ रस्त्यावर उभं राहून दिसत नाही, कबूल. दिसणार कसं? हे शहर समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्याच्या टोकावर आहे, पसरायला जागाच नाही. जो आला त्याने आधीच्याच्या डोक्यावर बांधलं. त्यात 1596 मध्ये इंग्रज-डच आरमाराने शहर लुटून जाळलं, त्यामुळे मध्ययुगातलं फारसं उरलं नाही. पुढे 1717 मध्ये अमेरिकेच्या व्यापाराचं सरकारी कार्यालय सेव्हिलहून इथे हलवलं आणि पैशाचा पूर आला. आज डोळ्यांना दिसतं ते मुख्यतः या 18 व्या शतकातल्या व्यापाऱ्यांचं शहर. त्याआधीचं बघायला खाली उतरावं लागतं.

उतरायचं कुठे? तिया नोरिका या कठपुतळ्यांच्या थिएटरखाली. 2014 पासून तिथे ‘गादिर’ हे उत्खननस्थळ लोकांना खुलं आहे. रस्त्याच्या पातळीपासून सुमारे 9 मीटर खाली फिनिशियन घरं आणि गल्ल्या आहेत. मातीच्या भिंती, भाकरी भाजायच्या भट्ट्या आणि ओल्या चिखलात उमटून तशीच वाळलेली गुरांची खुरं. त्यांच्या वरच्या थरात रोमन काळातला मासे खारवण्याचा कारखाना. आगीत सापडून मेलेल्या एका माणसाचा सांगाडा आहे, एका मांजराचेही अवशेष आहेत. ठरावीक वेळांना, तुकड्या-तुकड्यांनी आत सोडतात. साडेअकराला गाडीतून उतरून अडीचची परतीची गाडी पकडणाऱ्याला हे जमतच नाही. मग तो घरी येऊन लिहितो की काही नव्हतं!

रोमन नाट्यगृहाचंही तेच. 1980 मध्ये पोपुलो या जुन्या मोहल्ल्यात खोदकाम चालू असताना ते हाती लागलं. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात बाल्बुस या इथल्याच बड्या घराण्याने ते बांधवलं होतं. व्यास सुमारे 120 मीटर, दहाएक हजार माणसं बसतील एवढं. दिसतो तो त्याचा एक तुकडाच, बाकीचं अजून शेजारच्या घरांखाली आहे. काहींना हे अपुरं वाटतं. मला उलट हेच बघण्यासारखं वाटतं. पायऱ्यांची रांग वळत वळत जाते आणि मध्येच कुणाच्या तरी घराच्या पायात घुसते.

प्लासा दे मिना या चौकातलं संग्रहालय तर त्या मजकुरात नावालाही नाही. इथल्या दोन संगमरवरी शवपेट्या पाहिल्याशिवाय कादिझ पाहिलं असं म्हणू नये. दोन्ही इसवी सनापूर्वीच्या 5 व्या शतकातल्या. घडण इजिप्शियन धर्तीची, चेहरे ग्रीक वळणाचे. दाढीवाल्या पुरुषाची पेटी 1887 मध्ये मिळाली. 20 व्या शतकाच्या सुरुवातीला इथे उत्खनन करणाऱ्या पेलायो किंतेरो यांची खात्री होती की याची जोडीदारीणही इथेच कुठेतरी असणार. त्यांनी शोधलं, मिळाली नाही. 1946 मध्ये ते मोरोक्कोतल्या तेतुआन इथे वारले. 1980 मध्ये नव्या इमारतीचा पाया खोदताना स्त्रीची पेटी निघाली, तीही जिथे पूर्वी किंतेरो यांचं घर होतं त्याच जागेवर. तिच्या हातात अत्तराची कुपी आहे. बोटं कशी वळली आहेत ते जवळून बघा.

घुमटाबद्दल बोलू. ‘सोन्याचा नाही, फरश्यांचा आहे’ हे एखादं बिंग फोडल्याच्या थाटात सांगितलं जातं. अहो, सोन्याचा आहे असं म्हटलं कुणी? तो पिवळ्या चकचकीत फरश्यांचाच आहे आणि दुपारी उन्हात सोनेरी दिसतो. लपवाछपवी कसलीच नाही. खरी गोष्ट घुमटाच्या खाली आहे. बांधकाम 1722 ला सुरू झालं आणि 1838 ला संपलं. 116 वर्षांत शैली नक्षीदार बरोकवरून साध्या, ग्रीक-रोमन धर्तीच्या निओक्लासिकलवर आली आणि दगडही बदलला. अमेरिकेचा पैसा आटत गेला तसं वर वर हलक्या प्रतीचं काम होत गेलं. खारी हवा त्या दगडाला खाते, म्हणून आत छताखाली जाळी ताणली आहे. मान वर केली की ती दिसते. तळघर समुद्रसपाटीखाली आहे आणि तिथे संगीतकार मान्वेल दे फाया यांची समाधी आहे. हे सगळं घुमटाच्या रंगापेक्षा कितीतरी सांगण्याजोगं होतं.

‘कार्निव्हलला जा, रिओसारखं असतं’ हा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो, कारण त्यावर लोक खरोखर तिकिटं काढतात. कादिझचा कार्निव्हल शब्दांचा आहे. ‘चिरिगोता’ म्हणून गायकांचे गट असतात. ते वर्षभरातले राजकारणी, महागाई, नगरपालिका सगळ्यांची गाण्यांतून खिल्ली उडवतात. त्यांची स्पर्धा लाल विटांच्या फाया नाट्यगृहात होते आणि पुढे तेच गट गल्लीबोळांत गातात. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत हा कार्निव्हल बंद होता. मग नाव बदलून, धार काढून ‘पारंपरिक उत्सव’ म्हणून तो मे महिन्यात ढकलला गेला. फेब्रुवारीतला असली कार्निव्हल 1977 मध्ये परत आला. सत्तेला ज्याची भीती वाटली ती गाणी होती. स्पॅनिश येत नसेल तर त्यातला विनोद तुमच्यापर्यंत पोचणार नाही, वर खोल्याही मिळायच्या नाहीत. भाषा येत असेल तर जरूर जा. नसेल तर मे किंवा ऑक्टोबर बरा.

किनारा टीचभर? ला कालेता लहान आहे, खरं. दोन बाजूंना दोन किल्ले आणि मध्ये होड्या. हा एकेकाळी बेटांमधून जाणाऱ्या खाडीचा तोंडाकडचा भाग होता. लांबलचक वाळू हवी असेल तर नव्या शहरात जवळपास तीन किलोमीटरचा व्हिक्टोरिया किनारा आहे. बस जाते. विषय संपला.

वडांचं प्रकरण नाजूक आहे, कारण आपली मंडळी त्यांच्यासमोर फार भावुक होतात. ला कालेताजवळ, पूर्वीच्या मोरा इस्पितळासमोर, ही दोन अवाढव्य झाडं आहेत. भारतातून आलेल्या मिशनरी बायकांनी ती दिली अशी कथा स्थानिक लोकही सांगतात. पण ही जात ‘फिकस मॅक्रोफिला’ आहे, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरची. आपल्या वडाची नातलग आहे, आपला वड नाही. पान हातात घेतलं तर मोठं, जाड, वरून गडद हिरवं आणि खालून तांबूस लागतं. रोप कुणाच्या हातून आलं असेल ते असो, झाडाचं माहेर भारत नव्हे. फोटो काढाच, फक्त खाली ‘आपला वटवृक्ष’ लिहू नका.

डब्याच्या सल्ल्यात मात्र थोडं तथ्य आहे. कादिझ मासे खाणारं गाव आहे. कागदाच्या पुडीत तळलेला मासा हातात घेऊन फिरणं हाच इथला नाश्ता. शाकाहाऱ्यांनी बटाट्याचं जाड ऑम्लेट चालत असेल तर ते घ्यावं. शिवाय डोंगराकडचं पायोयो चीज आहे, वांग्याचे तळलेले काप आहेत. ‘पापास आलिन्यास’ म्हणजे उकडलेला बटाटा, कांदा, पार्सली, व्हिनेगर आणि भरपूर ऑलिव्ह तेल. फक्त त्यावर बरेचदा ट्यूनासारख्या माशाचे तुकडे ठेवतात, म्हणून मागवतानाच नको म्हणून सांगायचं. मासे खाणाऱ्या कोकणातल्या माणसाला तर ‘तोर्तियिता दे कामारोनेस’ परकी वाटणारच नाही: हरभऱ्याच्या आणि गव्हाच्या पिठात बारीक कोलंबी घालून तळलेली जाळीदार चकती, अगदी जवळ्याच्या भज्यांची चुलत बहीण. मासे खात असाल तर ही चकती चुकवू नका.

राहिला अर्धा दिवस. सेव्हिलहून रेल्वेने एका बाजूने दीड-पावणेदोन तास. सोमवारी संग्रहालय बंद, गादिरही बंद. दुपारी दुकानांना टाळं. बंदरात मोठं क्रूझ जहाज लागलेलं असेल तर कॅथेड्रलपाशी पाय ठेवायला जागा नसते, आणि ती गर्दी संध्याकाळी जहाजावर परतते. तेव्हाच शहर मोकळं होतं. अर्ध्या दिवसात तुम्हाला नेमकं गर्दीचं आणि बंद दारांचं कादिझ मिळतं.

मी सांगेन एक मुक्काम. सकाळी 1838 पासूनच्या बाजारात मासळी बघा, मग गादिर आणि संग्रहालय. दुपारनंतर तोरे ताविरा. 18 व्या शतकात इथले व्यापारी अमेरिकेहून येणारी जहाजं दुरून हेरायला घरांवर मनोरे बांधत. असे सव्वाशेच्या आसपास मनोरे अजून उभे आहेत आणि 1778 मध्ये बंदराचा अधिकृत टेहळणी मनोरा ठरला तो हा. वर अंधाऱ्या खोलीत भिंगा-आरशांतून सगळं शहर पांढऱ्या तबकडीवर उतरतं, आणि गच्चीवरच्या दोरीवर वाळणारे कपडे वाऱ्याने हलताना दिसतात. पूर्वेचा ‘लेवान्ते’ सुटला असेल तर ते नुसते हलत नाहीत, फडफडतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांता क्वेवा हे दुमजली प्रार्थनास्थळ. फारसं कुणी जात नाही तिथे. वरच्या लंबगोल प्रार्थनागृहात स्पॅनिश चित्रकार गोयाची तीन चित्रं आहेत. खालच्या ओक्याबोक्या तळघरातल्या गुड फ्रायडेच्या प्रार्थनेसाठी ऑस्ट्रियन संगीतकार हायडनने 1780 च्या दशकात खास संगीत रचून पाठवलं होतं. तिथून स्पेनची 1812 ची राज्यघटना जिथे तयार झाली ते सान फेलिपे नेरी चर्च चालत जाण्याच्या अंतरावर आहे. वाटेत कोपऱ्या-कोपऱ्यांवर जुन्या तोफा जमिनीत उभ्या पुरलेल्या दिसतील, गाड्यांच्या चाकांनी भिंती घासू नयेत म्हणून. भिंतीही नीट बघा: दगडात शिंपल्यांचे तुकडे जसेच्या तसे आहेत.