नंबर जुळला म्हणजे वस्तू जुळली काय?

'फोटो नोंदीला आपोआप जोडले जातील' हे वाक्य वस्तूंच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तकात ज्यानं लिहिलंय, त्याला एकदा आमच्या संग्रहालयाच्या स्टोअरमध्ये आणून बसवा. मे महिन्यात. लाइट गेलेली असताना.

आपोआप म्हणे! फाइलला वस्तूचा नोंदणी क्रमांक द्यायचा, सगळे फोटो एका फोल्डरमध्ये टाकायचे, बटण दाबायचं, झालं. ऐकायला झकास. आता आमचा क्रमांक बघा: १९७४/११२. विंडोजला फाइलच्या नावात ही तिरकी रेघ चालतच नाही. म्हणून फाइलमध्ये डॅश, डेटाबेसमध्ये रेघ. आणि नोंदवहीतला क्रमांक बदलायचा अधिकार कोणाला नाही, नसावाच. मग दोन्हींची सांगड घालणारी यादी एक्सेलमध्ये करा. एक्सेल तर अतिशहाणं. १२-३ लिहिलं की त्याला १२ मार्च दिसतो. ००४५ लिहिलं की पुढची शून्यं गिळून ४५ करून ठेवतं. तुला कोणी विचारलं होतं का रे बाबा? कॉलम आधी 'टेक्स्ट' करायचा हे आता झोपेतही येतं आम्हाला. पण तीच यादी सीएसव्ही, म्हणजे नुसत्या मजकुराची फाइल, करून कोणी नुसती डबल क्लिकनं उघडली आणि सेव्ह केली, की आला पुन्हा मार्च.

त्यात हा मराठवाडा. १९४८ पर्यंत निजामी राज्य. जुन्या काही वह्या उर्दूत, क्रमांकातलं साल फसली, म्हणजे निजामी महसुलाच्या कालगणनेतलं. १३५५ फसली म्हणजे साधारण इसवी १९४५-४६. मध्ये कोण्या हुशारानं अर्ध्या नोंदींत फसलीचं इसवी करून ठेवलं, अर्ध्या तशाच सोडल्या. शिवाय काही नोंदी देवनागरी आकड्यांत, काही इंग्रजी. आपल्याला दोन्ही ११२ च. मशीनला त्यांचं काही नातं नाही.

हे सगळं एकवेळ सोसलं असतं. पण अ-ब चा घोळ बघा. सॉफ्टवेअरचा नियम: क्रमांकापुढं 'अ' म्हणजे वस्तूची पुढची बाजू, 'ब' म्हणजे मागची. आमच्या वहीतला नियम, सॉफ्टवेअरवाल्यांच्या जन्माच्या आधीचा: ११२ अ म्हणजे बिदरी हुक्क्याचं बूड आणि ११२ ब म्हणजे त्याची चिलीम. दोन स्वतंत्र वस्तू, दोन स्वतंत्र नोंदी. परिणाम? चिलीम झाली हुक्क्याची पाठ, आणि चिलमीच्या नोंदीत रिकामी चौकट. मदतीच्या नंबरवर फोन केला तर पलीकडचं पोरगं थंडपणे म्हणतं, "मॅडम, तुमचा डेटा क्लीन नाही." अहो, डेटा क्लीन असता तर तुमच्या सॉफ्टवेअरची गरज कशाला होती? आणि वहीतली अक्षरं म्हणजे घाण आहे का धुऊन काढायला?

हुक्क्याचं निदान डोळ्यांना दिसतं तरी. खरी भीती मला नाण्यांची आहे. सातवाहनांची ती छोटी, झिजलेली नाणी. एका अंगाला हत्ती, दुसऱ्या अंगाला उज्जैन चिन्ह, म्हणजे अधिकच्या खुणेच्या चार टोकांना चार वर्तुळं. एकाच ताटात अशी कितीतरी. वजनातला फरक आणि पाकिटावरचा क्रमांक, एवढ्यावरच ती वेगळी ओळखू येतात. फोटो काढताना आमचे मामा प्रत्येक नाण्याशेजारी मोजपट्टी आणि क्रमांकाची चिठ्ठी ठेवतात, चष्मा कपाळावर सरकवून दोनदा वाचतात, मग 'हं' म्हणतात. एवढी काळजी. आणि पुढं यादीतली एक ओळ खाली सरकली की त्यापुढच्या प्रत्येक नाण्याला शेजाऱ्याचा फोटो. कोणाच्या लक्षात येणार? मण्यांचं तेच, तेरसारख्या गावच्या मातीच्या बाहुल्यांच्या फुटक्या डोक्यांचं तेच. बाहेरगावचा अभ्यासक तोच फोटो आपल्या लेखात छापणार, खाली आमचा क्रमांक देणार, आणि ती चूक आमच्या नावावर चालू लागणार.

आणि सॉफ्टवेअर तोंडानं काय सांगतं? 'प्रक्रिया पूर्ण झाली.' बस्स. किती जुळले, कोणते राहिले, का राहिले, काही नाही. नावाच्या शेवटी एक न दिसणारी जागा सुटलेली असते, कुठं विंडोज फाइलच्या नावामागचं 'डॉट जेपीजी' हे शेपूट लपवतं म्हणून फाइल 'डॉट जेपीजी डॉट जेपीजी' झालेली असते. शोधा आता एकेक करून. न जुळलेल्याचं एकवेळ चालेल. ती रिकामी चौकट ओरडून तरी सांगते. चुकीचं जुळलेलं गपगुमान बसून राहतं. आणि वर बैठकीत साहेबांना हवी फक्त टक्केवारी. 'फोटो असलेल्या नोंदी किती?' बरोबर फोटो असलेल्या किती, हा रकानाच तक्त्यात नाही!

आम्ही मागतोय तरी काय? बटण दाबण्याआधी एक यादी दाखवा: डावीकडं फोटो, उजवीकडं नोंद, वस्तूचं नाव आणि वजन. माणूस नजर टाकेल, मगच जोडा. न जुळलेल्यांची वेगळी यादी कारणासकट द्या. आणि जोडलेली अख्खी थप्पी एका फटक्यात परत सोडवता आली पाहिजे. आज ती एकेका नोंदीत जाऊन, 'खात्री आहे का?' ला 'हो' म्हणत सोडवावी लागते. हे सगळं कळवलंय. उत्तर आलंय की पुढच्या व्हर्जनमध्ये पाहू. तोवर मी नाण्यांचे फोटो हातानंच जोडणार, एकेक, पाकीट समोर ठेवून. टक्केवारी घाला चुलीत.