पाच वर्षं झाली म्हणून एसी भंगारात?

सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतोय: "खाऱ्या हवेत एसी पाचच वर्षं टिकतो. गॅस दरवर्षी संपतोच. दुरुस्तीत पैसे घालू नका, नवा फाइव्ह स्टार घ्या, विजेतच वसूल होईल." मी रत्नागिरीत एसी दुरुस्त करतो. म्हणजे माझं पोट दुरुस्तीवर आहे, ते ध्यानात ठेवूनच पुढचं वाचा.

गॅस संपत नाही. तो काय स्कूटरचं पेट्रोल आहे? बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. गळती न शोधता नुसता गॅस भरून जाणारा मेकॅनिक तुम्हाला दर एप्रिलला भेटणारच. नायट्रोजनचं प्रेशर देऊन, साबणाचा फेस लावून गळती शोधायला सांगा. फ्लेअर नटपाशी, म्हणजे नळ्यांच्या जोडापाशी, असली तर काम किरकोळ. नळ्यांची कॉइलच जागोजागी खाल्ली असेल, तर एक भोक बुजवलं की दुसरं उघडतं. तिथे मीही 'नवा घ्या' म्हणतो. जुन्या, आर-२२ गॅसवरच्या मशीनचा कॉम्प्रेसर गेला तरी तेच. तो गॅस २०३० पर्यंत बंद होत चाललाय, आणि त्याच्या जागी नव्या मशीनमधला आर-३२ गॅस भरता येत नाही. प्रेशर वेगळं, तेल वेगळं, वर तो पेट घेऊ शकणारा.

पण 'कॉम्प्रेसर गेला' असं कुणी म्हटलं, की आधी कपॅसिटर (कॉम्प्रेसर सुरू करायला लागणारा छोटा भाग) तपासलात का, ते विचारा. कित्येकदा तेवढंच असतं. नाहीतर पीसीबीवर, म्हणजे आतल्या सर्किट बोर्डावर, पाल मरून पडलेली.

खारं वारं मशीन खातं, हे खरंच. तांब्याच्या नळीवरची अ‍ॅल्युमिनियमची पाती पांढरा भुगा होऊन झडतात. तरी मांडवीला समुद्राकडे तोंड करून लावलेलं आउटडोअर आणि मागच्या बाजूला माडांआड लावलेलं, यांचं आयुष्य सारखं कसं असेल? महिन्यातून एकदा मेन स्विच बंद करून गोड्या पाण्याने धुवा. फवारा हलका, पाती वाकतात.

राहिली विजेतली वसुली. स्टारच्या लेबलवरचे वर्षाचे युनिट १६०० तासांवर काढलेले असतात. मुंबईकरांचं गावचं घर मे महिन्यात वीस दिवस उघडतं, रात्री आठ तास एसी: झाले १६० तास. समजा, लेबलप्रमाणे नवं मशीन ३०० युनिट वाचवतं, तर तुमचे वाचले ३०. युनिटला दहा रुपये धरले तरी वर्षाचे ३०० रुपये, आणि मशीन ४०,००० चं. बारमाही होमस्टेवाल्याचे १६०० तास भरतात असं धरलं, तर त्याचे पुरते ३,००० वाचतील. त्यालाही वसुलीला तेरा वर्षं. आणि मजकुरातला एसी तर पाचच वर्षं टिकतो म्हणे.