झिरो माइलपासून फक्त पंधरा मिनिटं

नागपुरात घर घ्यायचं ठरवलंय ना? मग प्लॉट पाहायला रविवारीच जा. सकाळी साडेसातची वेळ उत्तम. त्या वेळी वर्धा रोडवर तुम्ही आणि दोन-चार गायी एवढीच वर्दळ असते आणि शहराच्या टोकाच्या बेसा-बेलतरोडीकडून मध्यावरचं झिरो माइल पंधरा-वीस मिनिटांत खरंच गाठता येतं. 'फक्त पंधरा मिनिटं' म्हणणारा डीलर खोटं बोलत नाही. तो फक्त वार सांगत नाही, आणि तुम्हीही विचारू नका. सोमवारी सकाळी नऊचा रस्ता पाहण्याची हौस असेल तर रजिस्ट्री झाल्यावर भागवा, रोज भागेल. डिसेंबरात तर बोनस आहे. हिवाळी अधिवेशन भरतं, मॉरिस कॉलेज टी पॉइंटवर मोर्चे अडवले जातात आणि अख्ख्या महाराष्ट्राच्या मागण्या तुम्हाला ऑफिसला जाता जाता गाडीत बसून ऐकता येतात.

धरमपेठ, रामदासपेठ, लक्ष्मीनगर यांचे भाव जरूर विचारा, विचारायला पैसे पडत नाहीत. तुम्हाला खरं तर धरमपेठच हवी असते, पण हुडकेश्वरच्या भावात. या एका इच्छेवर शहराच्या चारही बाजूंचे ले-आउट उभे आहेत.

प्लॉट पाहायचा तो मे महिन्यात. पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो, काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात, आणि मागचा नाला असा कोरडा ठणठणीत की डीलर त्याला 'भविष्यातला वॉकिंग ट्रॅक' म्हणतो आणि तुम्हाला पटतंही. ही काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. म्हणून तर इथे पाया जपून घ्यावा लागतो, नाहीतर दोन पावसाळ्यांत भिंतीवर नद्यांचा नकाशा उमटतो. पण मे महिन्यात हे विषय काढणं म्हणजे लग्नाच्या बैठकीत घटस्फोटाचं बोलणं. कोणी जुनाजाणता सांगेल की 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा ले-आउट अशा भल्याभल्या वस्त्यांत पाणी शिरलं. त्याला नम्रपणे सांगा, 'काका, आम्ही तिकडे नाही, आम्ही इकडे घेऊन राहिलो.' नाला तुमच्या मागचाच आहे हे त्याला कुठे माहीत?

मेट्रोबद्दल निर्धास्त राहा. नागपूरला मेट्रो आहे, थंडगार आहे, चांगली चालते. डिसेंबर 2022 पासून खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि लोकमान्य नगर ते प्रजापती नगर या दोन्ही मार्गिका पूर्ण धावतात, सीताबर्डीला एकमेकींना भेटतात. अडचण इतकीच की ती वर्धा रोडवरून जाते आणि तुमचा ले-आउट रेल्वेरुळांच्या पलीकडे, मनीष नगरच्याही पुढे. स्टेशनपर्यंत ऑटो, मग मेट्रो, मग पुन्हा ऑटो. शेवटी माणूस स्कूटरच काढतो आणि मेट्रोच्या खांबांच्या सावलीतून ऑफिसला जातो. मे महिन्यात त्या सावलीची किंमत तिकिटापेक्षा जास्त आहे, हेही लक्षात घ्या. शिवाय दुसरा टप्पा मंजूर आहेच. कन्हान, बुटीबोरी, हिंगणा, कापसी अशी चार टोकं, मिळून 43.8 किलोमीटर. चारपैकी एक टोक तुमच्या प्लॉटच्या दिशेने नक्की असेल. दर वाढवायला दिशा पुरते.

आता शाळा. इथे घाई नको.

तुमचे वडील सायकलवर टांग टाकून पटवर्धनला किंवा सोमलवारला गेले असतील. मधल्या सुट्टीत घरी येऊन गरम पोळी खाऊन परतले असतील. तो काळ गेला, कारण तेव्हा शाळेला फक्त नाव असायचं, आता पाटीवर 'इंटरनॅशनल' लागतं. शाळा निवडताना आधी गेटची उंची पाहा, मग घोडा आहे का ते पाहा. 'सीबीएसई पॅटर्न' असं लिहिलेलं असेल तर आनंदाने माना डोलवा. पॅटर्न आणि संलग्नता यात फरक असतो, मंडळाच्या संकेतस्थळावर शाळेची संलग्नता तपासता येते, प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला अकरा अंकी सरकारी ओळख क्रमांक, म्हणजे यूडायस, असतो, हे सगळं खरं आहे. पण हे आकडे विचारलेत की काउंटरवरच्या मॅडमचं हसू मावळतं. कशाला कोणाचा दिवस खराब करायचा?

मुलाखतीची तयारी मात्र दोघांनी करा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा आईवडिलांची चाचणी घेता येत नाही. घेतली तर शाळेला पहिल्या खेपेला 25,000 आणि पुढच्या प्रत्येक खेपेला 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. पण कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांचा, आणि तुमचं पोरगं नर्सरीतलं, साडेतीन वर्षांचं. त्यामुळे ती मुलाखत नसते, 'इंटरॅक्शन' असते. त्यात वडिलांचं पॅकेज विचारतात आणि पोराला केळ्याचा रंग. पोरगं 'पिवळा' म्हणतं आणि नापास होतं, कारण 'यलो' हवं होतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घराजवळच्या शाळेत चुकूनही घालू नका. शाळा जवळ आहे म्हणून तुम्ही घर घेतलंत, ते ठीक. पण जवळच्या शाळेत घातलं तर नातेवाइकांना वाटेल की लांबच्या शाळेत मिळालं नाही. म्हणून बेशाची पोरं काटोल रोडला जातात आणि काटोल रोडची वर्धा रोडला येतात. रोज सकाळी छत्रपती चौकाच्या सिग्नलवर दोन व्हॅन शेजारी थांबतात आणि आतली पोरं झोपाळल्या डोळ्यांनी एकमेकांकडे पाहतात. राज्यात शालेय बससाठी 2011 पासून वेगळी नियमावली आहे. व्हॅनमधली दोन सीटच्या मध्ये टाकलेली लाकडी फळी त्या नियमावलीपेक्षा जुनी. तिच्यावर पाच पोरं बसतात, सहावं दप्तरांवर. सिग्नल सुटला की सगळी एकदम मागे कलतात, आणि एकाच्या डब्यातली तर्री दुसऱ्याच्या वहीवर येते.

कागदपत्रांत फार शिरू नका. डोकं दुखतं. शेतजमिनीचे तुकडे पाडून विकले, लोकांनी घरं बांधली, मग 2001 मध्ये गुंठेवारीचा कायदा आला आणि पैसे भरून तुकडे नियमित होऊ लागले. 2021 मध्ये त्यातली मुदत, म्हणजे कोणत्या तारखेपर्यंतचे तुकडे नियमित होतील ती तारीख, 31 डिसेंबर 2020 पर्यंत सरकवली. डीलर याच्यातून सरळ निष्कर्ष काढतो, 'भाऊ, एकदा सरकली ना तारीख? मंग अजून सरकते. तुम्ही टोकन द्या.' तुम्ही नासुप्रचं, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचं, नाव काढलंत, ले-आउट त्यांच्या 572 च्या यादीतला की 1900 च्या असं विचारलंत, आरएल म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र दाखवा म्हणालात, तर तो चहा मागवतो. चहा चांगला असतो, तो पिऊन विषय बदला.

राहिला शेजार. मनमिळाऊ शेजार हवा, असं सगळेच म्हणतात, आणि नंतर कंपाउंडची भिंत सात फुटांची घालतात. एप्रिल लागला की कळेल. शेजाऱ्यांचा कुलर बरोबर तुमच्या खिडकीसमोर लागतो. त्यांना खसच्या ताट्यांचा गारवा, तुम्हाला रात्रभर पंख्याचा घरघराट आणि टपटपणारं पाणी. ते पाणीही टँकरचं, म्हणजे अर्धे पैसे तुमचेच. तक्रार करू नका, तुमचाही कुलर त्यांच्या स्वयंपाकघरावर लावा. शनिवारी दोन्ही घरांत सावजी मसाल्याचा वास सुटला की बोलणं आपोआप सुरू होतं.

आणि शेजार खरोखर जुळतोच. राहायला गेल्याच्या पहिल्या संध्याकाळी समोरच्या काकू वाटीत वडाभात झाकून आणतील, पोराला पाहतील, शाळा कोणती विचारतील, 'बापरे, तेवढ्या दूर?' म्हणतील. मग जरा जवळ येऊन हळूच विचारतील, 'तुमचं आरएल झालं का हो?' नाही म्हणालात की त्यांचा चेहरा उजळेल. 'बसा ना मंग निवांत. आमचंबी कुठं झालं!'