तिसऱ्यांचा रस पिऊन भूक मरत नाही

नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या आणि जिमच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: शिंपल्यांच्या मेंदूत भूक मारणारं पेप्टाइड असतं, हे शास्त्रज्ञांनी शोधलंय. वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनवर पैसे घालवू नका, तिसऱ्या-कालवांचा, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांचा, रस रोज वाटीभर घ्या. रस जितका कच्चा तितका गुणकारी. साखरेच्या, म्हणजे मधुमेहाच्या, गोळ्याही सुटतात.

‘शास्त्रज्ञांनी शोधलंय.’ एवढं अर्धवट खरं आहे. शिंपल्याला आपल्यासारखा एकसंध मेंदू नसतो. मज्जापेशींच्या गाठींच्या तीन जोड्या असतात: तोंडाजवळ, पायात आणि कवच मिटणाऱ्या मागच्या स्नायूपाशी. या गाठी जे निरोप धाडतात त्यांतले बरेच पेप्टाइडच्या, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांच्या रूपात असतात. १९७७ साली प्राइस आणि ग्रीनबर्ग यांनी एका शिंपल्याच्या गाठींतून जेमतेम चार अमिनो आम्लांचं असं एक पेप्टाइड वेगळं काढलं. पुढे कालवांतही आपल्या भूक-तृप्तीच्या संदेशकांचे भाऊबंद सापडले.

यावर ग्रुपमधल्या एका काकांनी उत्तर दिलं, ‘शिंपल्याला कसली भूक, ती तर नुसती गाळणी!’ तेही बरोबर नाही. जिवंत तिसरी खारट पाण्यात ठेवून बघा. थोड्या वेळाने फट उघडून दोन नळ्या बाहेर येतात, एकीतून पाणी आत जातं, दुसरीतून बाहेर. भांड्याला धक्का लागला की दोन्ही आत. आतल्या कल्ल्यांवर अडकलेले कण तोंडाजवळच्या पाळ्या निवडतात. नको ते चिकटात गुंडाळून, न गिळताच बाहेर टाकलं जातं. म्हणजे निवडून खाणारा प्राणी आहे तो.

‘भूक मारतं.’ कोणाची? आपल्या भुकेच्या संदेशकांपैकी एनपीवाय नावाचं पेप्टाइड उंदराच्या मेंदूत टोचलं तर तो अधाशासारखा खात सुटतो. ॲप्लिसिया या समुद्री गोगलगाईत त्याच घराण्यातलं पेप्टाइड उलट खाणं थांबवतं. त्यामुळे शिंपल्यातलं पेप्टाइड आपल्यात काय करेल, हे नुसत्या नात्यावरून सांगता येत नाही.

आणि मुळात ते आपल्या रक्तापर्यंत पोचणार कसं? मेसेजचा सगळा डोलारा इथेच कोसळतो. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचाच तुकडा. पोटातलं पेप्सिन आणि आतड्यातलं ट्रिप्सिन त्याचे आणखी बारीक तुकडे करतात. वजनाचं औषध सुईने टोचावं लागतं ते याचसाठी. सेमाग्लुटाइड या अशाच एका औषधाची गोळी निघाली आहे खरी, पण तिच्यात शोषणासाठी वेगळं रसायन घालावं लागतं, आणि तरीही औषधाचा जेमतेम एक टक्का रक्तात उतरतो. कालवणात तर मुळात पेप्टाइडच नगण्य. २००५ साली अमेरिकेत मंजूर झालेलं एक्सेनाटाइड हे मधुमेहाचं इंजेक्शन गिला मॉन्स्टर या सरड्याच्या लाळेत सापडलेल्या पेप्टाइडवरून बनलं. म्हणून कोणी सरडा शिजवायला घेतला नाही. तिसऱ्या खाऊन पोट भरल्यासारखं वाटतं ते त्यातल्या प्रथिनामुळे, आणि वाटण घातलेल्या सुक्याबरोबर तीन भाकऱ्या गेल्या तर तोही हिशोब संपला.

‘जितका कच्चा तितका गुणकारी.’ हे मात्र वाचून अंगावर काटा आला. शिंपला पाणी गाळतो म्हणजे पाण्यातले जंतूही गोळा करतो. १९८८ साली शांघायमध्ये कच्चे-अर्धकच्चे शिंपले खाऊन सुमारे तीन लाख लोकांना हिपॅटायटिस ए ही कावीळ झाली होती. आपल्या ठाण्याच्या खाडीत शहराचं सांडपाणी येतं आणि तिच्या काठाला ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने आहेत. नीट शिजवल्याने जंतू मरतात, जड धातू जात नाहीत. तेव्हा दिवाळे गावच्या मासळी बाजारात वाटा घेताना माल कुठल्या पाण्यातला, हे मावशींना खुशाल विचारा.

राहता राहिल्या साखरेच्या गोळ्या. त्या डॉक्टरांना न विचारता बंद केल्या तर साखर चढेल, आणि त्याला तिसऱ्या जबाबदार नसतील.