इटालियनच का, आणि जनसंवादाच्या जोडीनेच का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

बारावीनंतर जनसंवादाच्या (मास कम्युनिकेशनच्या) पदवीबरोबर इटालियन शिकावी, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी तिचा गाभा सांगते. सोलापूरच्या मुलांचं इंग्रजीच अजून धड नाही, तिथे इटालियनचं खूळ कशाला? भाषाच शिकायची तर जर्मन किंवा जपानी शिकावी, निदान पोटापाण्याला लागते. जनसंवाद हा काही विषय नव्हे, ज्याला बोलता येतं तो बोलतो. आणि अशी पदवी घेतलेल्या मुलीला सोलापुरात कामावर ठेवणार कोण? शेवटी तुम्ही लिहिलंय की तुमची नात हा लेख वाचून हट्ट धरून बसली आहे, तेव्हा ‘पोरींच्या डोक्यात वारं भरू नका’. एका मुलीच्या तीन-चार वर्षांचा प्रश्न आहे, म्हणून हे सविस्तर उत्तर.

जर्मनचा मुद्दा मला मान्य आहे. नात नर्सिंगला किंवा इंजिनीअरिंगला जाणार असती तर मीही जर्मनच सांगितली असती. पण तिला लिहिण्याच्या, माणसांशी बोलण्याच्या, एखादी गोष्ट लोकांपर्यंत पोचवण्याच्या कामात पडायचं आहे. मग हे काम कोणाकडून शिकण्यासारखं आहे, ते आधी बघायला हवं. आणि तिथे आपल्या जिल्ह्यापुरतं माझं उत्तर इटली हेच आहे.

आपल्याकडे काय काय आहे बघा. सोलापुरी चादर, टेरी टॉवेल, डाळिंब, मंगळवेढ्याची ज्वारी. एकाच जिल्ह्यातल्या या चार वस्तूंना भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव त्या भागातल्याच मालाला लावता येतं. पण पुण्या-मुंबईच्या फुटपाथवर ‘सोलापुरी’ म्हणून जो ढीग लावलेला असतो, त्यातली कोणती चादर खरंच इथल्या मागावर विणली, हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नाही आणि तेही विचारत नाही. ते भाव विचारतं. ज्वारीच्या पिशवीवर ‘मंगळवेढा’ छापलेलं असतं, पण काळ्या भारी जमिनीत नुसत्या मुरलेल्या ओलीवर रब्बीत ते पीक कसं उभं राहतं, हे त्या पिशवीवर कुठेच नसतं. मानांकनाचा कागद मिळाला, पण तो लोकांच्या मनात रुजवायचं काम करायला माणसं नाहीत.

या कामात इटली फार पुढे आहे. युरोपीय संघात सर्वाधिक मानांकित खाद्यपदार्थ आणि वाइन्स त्यांच्याच आहेत, दोन्ही मिळून ८०० हून अधिक. पार्मिजानो रेज्जानो या चीजचंच घ्या. पार्मा, रेज्जो एमिलिया, मोदेना आणि बोलोन्या व मान्तोवाचा ठरावीक भाग, एवढ्याच टापूतलं दूध चालतं. साधारण ४० किलोचं एक चाक. त्याच्या सालीवर ताजं असतानाच ठिपक्यांच्या अक्षरांत नाव उमटवतात, शिवाय डेअरीचा क्रमांक आणि महिना-वर्ष. कमीत कमी १२ महिने ते मुरतं. मग तपासनीस येतो, छोट्या हातोडीने चाकावर जागोजागी टकटक करतो आणि आवाजावरून आत पोकळी आहे की नाही ते ओळखतो. पास झालं तर तापलेल्या लोखंडाचा शिक्का बसतो. नापास झालं तर सालीवरची ती ठिपक्यांची अक्षरं खरवडून टाकतात, म्हणजे ते चाक त्या नावाने विकताच येत नाही.

हे सगळं सांभाळणारा उत्पादकांचा संघ १९३४ पासून आहे. चीज बनवणं हे त्याचं काम नव्हे. नियम पाळले जातात का ते बघायचं, नावाची चोरी झाली तर भांडायचं, आणि जगाला ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत राहायचं, हे त्याचं काम. दुसऱ्यांनी वापरलेल्या ‘पार्मेझान’ या नावाचा वाद युरोपीय न्यायालयापर्यंत गेला आणि २००८ साली न्यायालयाने म्हटलं की हे नाव वाचून ग्राहकाच्या मनात मूळ चीजच येतं. सर, ग्राहकाच्या मनात काय येतं, यावर तिथे कोर्टात खल झाला. आपल्या चादरीबद्दल हा प्रश्न नेमका शब्दांत मांडू शकेल असं माणूस मला सोलापुरात घडलेलं पाहायचं आहे.

हे इंग्रजीतून वाचता येणार नाही का, असं तुम्ही म्हणाल. मोठ्या संघांची माहिती येते वाचता. पण आपल्याला उपयोगी पडतील ते लहान संघ. एखाद्या डोंगरी गावाचा कांदा, एखाद्या खोऱ्यातली डाळ. त्यांच्या नियमावल्या, सभांचे वृत्तांत, स्थानिक दैनिकात चाललेले वाद हे बहुतेक इटालियनमध्येच असतात. त्या संघात काम करणाऱ्या बाईला फोन लावून ‘सुरुवातीला शेतकरी तयार झाले का, पैसे कोणी घातले’ असं विचारायचं तर तिच्या भाषेत विचारावं लागतं. कापडाचंही तेच. प्रातो, बिएल्ला, कोमो या शहरांत पिढीजात लहान कारखाने आहेत, आपल्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत असावेत तसेच. रॅपिअर माग (धोट्याशिवाय चालणारे आधुनिक माग) बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्यांपैकी एक बर्गामोजवळची आहे. विणमाग आणि कापडयंत्रांचं इटमा हे जागतिक प्रदर्शन जून २०२३ मध्ये मिलानलाच भरलं होतं.

आता ‘जनसंवाद हा विषय नव्हे’ हे तुमचं वाक्य. यावर मला थोडं जास्त बोलायचंय, कारण इटलीचा अलीकडचा इतिहासच याच्या उलट आहे. १८६१ मध्ये तो देश एक झाला तेव्हा इटालियन बोलू शकणारे लोक फक्त अडीच टक्के होते, असा भाषाशास्त्रज्ञ तुल्लिओ दे मॉरो यांचा अंदाज आहे. काही अभ्यासक हा आकडा वाढवून दहा टक्क्यांच्या आसपास नेतात, पण तरीही बाकी सगळा देश आपापल्या बोलीत जगत होता. शाळा, सैन्य, गाव सोडून शहरात येणारे मजूर आणि १९५४ नंतर दूरचित्रवाणी, या सगळ्यांनी मिळून ती भाषा घराघरांत नेली. १९६० ते १९६८ या काळात अल्बेर्तो मान्झी नावाचे शिक्षक राई या सरकारी वाहिनीवर निरक्षर प्रौढांना लिहा-वाचायला शिकवत. मोठ्या कागदावर कोळशाने झरझर चित्र काढायचं आणि त्यातून अक्षर समजवायचं, ही त्यांची पद्धत. ज्यांच्या घरी टीव्ही नव्हता ते सार्वजनिक ठिकाणी जमून बघत. पडद्यापलीकडच्या, कधीही न भेटलेल्या माणसाला कळेल असं बोलणं ही शिकायचीच गोष्ट आहे. कादंबरीकार आणि विचारवंत उम्बेर्तो एको यांनीही बोलोन्या विद्यापीठात चिन्हशास्त्र (खुणा आणि चिन्हांतून अर्थ कसा पोचतो, याचा अभ्यास) शिकवण्याच्या आधी राईत नोकरी केली होती. तिकडे भाषा आणि माध्यमं यांचा विचार एकत्रच होत आला आहे.

आणि हे समजायला सोलापूरच्या मुलाला वेगळं काही सांगावं लागत नाही. घरात तेलुगू, पेठेत कन्नड, गल्लीत दखनी, शाळेत मराठी, हे त्याचं रोजचं आहे. कोणासमोर काय बोलायचं याचं भान त्याला आधीच असतं. पदवीने त्या भानाला शिस्त लावायची.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने तिच्या आजीची मुलाखत तेलुगूत चित्रित केली. आजी बिड्या वळते. पान कातरणं, तंबाखू भरणं, सुताने बांधणं, सगळं बोलता बोलता. तीन मिनिटांच्या त्या चित्रफितीला मुलीने आधी मराठी उपशीर्षकं दिली, मग इटालियन. एका वेळी पडद्यावर दोनच ओळी, ओळीत चाळीसेक अक्षरं, आणि वाचायला काही सेकंद. तिचं व्याकरण अडलं नाही. अडलं ते असं, की आजी सहज म्हणून गेली, कारखान्यात मोजताना खराब म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांचे पैसे मिळत नाहीत. मजुरी दर हजार बिड्यांवर असते हेच ज्याला माहीत नाही, त्याला हे दोन ओळींत कसं कळणार? शेवटी तिने आधीचं एक वाक्य कापलं आणि हजाराचा हिशेब तिथे आणून ठेवला. भाषा आणि संवाद एकत्र शिकणं म्हणजे हे. यातलं एक नसतं तर दुसऱ्याचा उपयोग झाला नसता.

इंग्रजी कच्चं असल्याची काळजी मला आहेच आणि त्यावर मेहनत घ्यायलाच हवी. पण इटालियन शिकायला इंग्रजीची पायरी लागते असं नाही. नामाला लिंग असतं, भूतकाळात क्रियापद त्याप्रमाणे बदलतं, वडीलधाऱ्यांसाठी वेगळं सर्वनाम असतं. या गोष्टींना मराठी मूल दचकत नाही. वेळेचाही हिशेब बघा. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकाला कामापुरती इटालियन यायला साधारण ६०० ते ७०० तास धरते, जपानीला २२००. पदवीच्या वर्षांत यातली कोणती बसेल ते उघड आहे.

तरीही नुसत्या तासिकांवर विसंबून चालणार नाही, हे नातीला जरूर सांगा. नव्या शैक्षणिक धोरणात मायनर, म्हणजे जोडीच्या दुय्यम विषयाला १८ ते २० क्रेडिट मिळतात आणि थिअरीच्या विषयाचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास. म्हणजे फार तर ३०० तास झाले, गरजेच्या निम्मेच. उरलेले तास जनसंवादाच्या कामातून काढायचे. रोज राईच्या रेडिओवरच्या बातम्या ऐकायच्या, उपशीर्षकं करायची, एकच बातमी मराठीत आणि इटालियनमध्ये लिहायची. पदवी झाल्यावर नोकरी सांभाळून हे होत नाही, कारण तेव्हा रोजचे दोन तास कोणी देत नाही. म्हणून मी पदवीतच म्हणते.

नोकरी सोलापुरातच लागेल, असं वचन मी देणार नाही. पहिली नोकरी बहुधा पुण्या-मुंबईतच, निर्यातदारांच्या कचेरीत, भाषांतर-उपशीर्षकांच्या कामात किंवा एखाद्या जाहिरात संस्थेत. पुढे इटलीत शिकायचं ठरलं तर तिथल्या सरकारी विद्यापीठांत फी साधारणपणे कुटुंबाच्या उत्पन्नाशी जोडलेली असते, आणि प्रादेशिक शिष्यवृत्त्यांना अर्ज करता येतो. इटालियन माध्यमासाठी बहुतेक ठिकाणी भाषेची बी-टू पातळी मागतात, म्हणजे बऱ्यापैकी सहज बोलता-लिहिता येण्याची. २०२३ च्या भारत-इटली करारानुसार शिक्षण संपल्यावर कामाच्या अनुभवासाठी १२ महिने तिथे राहण्याची सोयही आहे.

आता नातीसाठी नेमकं. मेजर, म्हणजे मुख्य विषय, जनसंवाद किंवा पत्रकारिता. कॉलेजात इटालियन मायनर असेल तर उत्तमच. नसेल तर मायनरला अर्थशास्त्र किंवा वाणिज्य घेऊ दे आणि इटालियन बाहेरून, ऑनलाइन. त्यासाठी मुंबईतल्या इटालियन सांस्कृतिक केंद्राकडे चौकशी करा. बाहेरच्या वर्गाचं प्रमाणपत्र कॉलेजच्या क्रेडिटमध्ये आपोआप धरलं जात नाही, म्हणून परीक्षा मान्यताप्राप्तच द्यायची. सिएनाच्या विद्यापीठाची चिल्स, पेरुजाची चेली किंवा दान्ते आलिगिएरी संस्थेची प्लीदा. पहिल्या वर्षी ए-टू ही प्राथमिक पातळी, पदवी संपता संपता बी-टू, असं लक्ष्य ठेवावं. परीक्षेला मुंबईला जावं लागलं तर सिद्धेश्वर एक्स्प्रेस आहेच. आणि दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिने मंगळवेढ्याच्या ज्वारीचा विषय घेतला, तर तिथल्या शेतकऱ्यांशी गाठ घालून द्यायची जबाबदारी माझी.